हाकरेलमाळ

१

आशा वसावे अक्कलकुव्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची. खापरला बाजाराच्या मागे एका खोलीत भाड्याने राहायची. सकाळी काळीपिवळीत कोंबून बसून कॉलेजला जायचं, दुपारी तसंच परतायचं, आणि संध्याकाळी खाटेवर पडून मोबाइलवर जगभरचं काहीबाही वाचायचं, असा तिचा दिवस होता. एका रविवारी असंच वाचता वाचता तिने, काही कारण नसताना, आपल्या पाड्यावरच्या माळाचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहून शोधलं.

तिचा पाडा सातपुड्यात, कातरपाडा. पाड्याच्या वर डोंगराच्या खांद्यावर एक मोठा माळ आहे, त्याला हाकरेलमाळ म्हणत. तिथे कोणी गुरं नेत नसे. हाकरेल हा पाड्याच्या बोलीतला साधा शब्दही होता. एखादं जनावर दमेस्तोवर पळवून पळवून पाडलं, की म्हातारी माणसं म्हणत, त्याचं हाकरेल केलं. आशाला लहानपणापासून तो आपल्याच बोलीतला शब्द वाटत आला होता.

मोबाइलवर एका इंग्रज म्हाताऱ्याचा फोटो आला. राल्फ हॅकरेल. पियानोच्या तारा जुळवून देण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि आता निवृत्तीनंतर तो आपल्या दुर्मीळ आडनावाचा इतिहास लिहीत होता. आडनाव कुठून निघालं, कोणकोणत्या देशांत गेलं, हे सगळं त्याने हौसेने मांडलं होतं. हिंदुस्थानचंही एक पान होतं. त्या घराण्यातला एक साहेब इंग्रजी अमलात खानदेशच्या जंगलात नोकरीला होता, आणि त्याने मारलेल्या एका प्रचंड वाघाची हकीकत तिथे दिली होती. शेवटी लिहिलं होतं, की वाघ गवतातून उठत नव्हता म्हणून साहेबाला माळावरचं गवत पेटवावं लागलं. त्यात रान उठवायला आणलेले काही हाकारे कामी आले.

आशाने फोन उशीवर पालथा ठेवला.

जे कामी आले त्यांची नावं तिला पाठ होती. दर होळीला, लाकडं पेटवण्याआधी, पाड्यावर ती नावं घेतली जायची. साहेबाने त्यांना काठ्या देऊन गवतात शिरवलं, आणि ते आत असतानाच वाऱ्याच्या बाजूने काडी लावली. त्यांचं काही हाती लागलं नव्हतं. नावं तेवढी उरली होती.

तिने त्या म्हाताऱ्याला गोड शब्दांत मेल लिहिला. तुमचं आडनाव आमच्या डोंगरावर अजून जिवंत आहे, लोकांच्या तोंडी आहे, बघायला या. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्याला त्या माळावर उभं करावं आणि ती नावं त्याच्या तोंडावर म्हणावीत, एवढंच तिला हवं होतं. निदान ती स्वतःला तसं सांगत होती.

२

राल्फ हॅकरेल आला तेव्हा एप्रिल अर्धा सरला होता. नंदुरबारला तो एका लॉजमध्ये उतरला, आणि ठरल्या दिवशी सकाळी आशा धानोऱ्याच्या भाईदासची गाडी करून त्याला घ्यायला गेली. उंच, किडकिडीत माणूस, लांब बोटं, डोक्यावर कापडी टोपी. बोलणं इतकं हळू, की गाडीच्या काचा वर कराव्या लागल्या. त्याने आशासाठी इंग्लंडहून बिस्किटांचा डबा आणला होता. भाईदाससाठीही आणला होता. आशाला याचाच राग आला. माणूस मग्रूर निघाला असता तर बरं झालं असतं.

अक्कलकुवा मागे पडेपर्यंत तो आडनावाबद्दलच बोलत होता. त्याच्या देशात एका दरीत, कुठल्याशा जमीनदाराच्या शिकारीसाठी रान उठवणारा, हरणांना रेटत रेटत जाळ्याकडे नेणारा जो गडी असे, त्याला तिथल्या बोलीत हॅकरेल म्हणत. पहिला हॅकरेल म्हणजे दुसऱ्याच्या शिकारीपायी काट्याकुट्यात शिरणारा गरीब माणूस. त्याच्या पोरांनी जमीन केली, पुढच्यांनी घोडे बाळगले, आणि मग नाव पसरलं. एक फांदी कॅनडात गेली. एक इकडे साहेब होऊन आली.

“आणि मग?” आशाने विचारलं.

मग ते आटलं, तो म्हणाला. हे त्याने हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. त्यांच्यात माणसं टिकत नसत. कॅनडातला शेवटचा एका सकाळी गोठलेल्या तळ्यावर चालत निघाला, तो सापडला नाही. राल्फचे वडील चांगले धडधाकट असताना एका दुपारी जेवणावरून उठले, शेतं ओलांडत गेले, आणि पार दुसऱ्या गावच्या ओढ्यात मिळाले. आमच्या घराण्याला चालायची फार हौस, असं म्हणून तो हसला. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. हे आडनाव लावणारा आता तो एकटाच उरला होता, म्हणूनच जगात एका डोंगराला ते चिकटून राहिलंय हे वाचून त्याला रडू आलं होतं.

घाट लागला तेव्हा त्याने पुढे वाकून विचारलं, गाडीत काही सैल झालंय का? वाळकं लाकूड लाकडावर आपटावं तसा आवाज येतोय.

भाईदासने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. मग आशाच्या खिडकीशी येऊन म्हणाला, “मॅडम, गाडीमा काहीच आवाज नही शे. साहेबना कानमा व्हई.”

आशाने ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा म्हातारा ओशाळला. त्याला हा आवाज गेली काही वर्षं डाव्या कानात ऐकू यायचा. वयाने होतं, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं, आणि त्याला सवयही झाली होती.

“पण घरी तो एका जागी असतो,” तो म्हणाला. “आज सकाळपासून तो हलतोय.”

त्याने बोटाने गाडीच्या मागे, मग जरा डावीकडे दाखवलं. तिथे सागाची पानगळ झालेली झाडं होती आणि ऊन होतं.

३

कातरपाड्याला गाडी वरपर्यंत जात नाही. भाईदास खाली रस्त्यावर आंब्याच्या सावलीत थांबला आणि दोघं पायवाटेने चढले.

पाड्यात शिरताना आशाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते घराच्या अंगणात पोचेपर्यंत कळलं नाही. एकही कुत्रं भुंकलं नव्हतं. एरवी तिच्यावरसुद्धा भुंकत धावून येणारी कुत्री कुठेच नव्हती. बिबट्याने उचलली असतील, तिने मनाशी म्हटलं. उन्हाळ्यात उचलतोच.

माणसं होती. ओट्यांवर, झाडाखाली बसली होती. गोरा माणूस पाड्यात आला म्हणजे पोरांची झुंबड उडायची. आज पोरं आईला चिकटून उभी होती. म्हाताऱ्याने हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. काहींनी केला, काहींनी नुसतं पाहिलं. कोणी विचारलं नाही, हा कोण.

आशाची फुई, म्हणजे तिच्या बापाची थोरली बहीण फुलीबाई, अंगणात वाळत घातलेली मोहाची फुलं हाताने पसरत होती. आईबाप गेल्यापासून आशाला तिनेच वाढवलं होतं. तिने म्हाताऱ्याला खाट दिली, तांब्याभर पाणी दिलं, आणि आशाला घरात बोलावलं. कुडाच्या भिंतीतून उन्हाच्या बारीक रेषा तिच्या तोंडावर पडल्या होत्या.

“आपल्या पायांनी आला, का कोणी बोलावला?” फुईने विचारलं. ती घरच्या बोलीत बोलत होती.

“मी बोलावला,” आशा म्हणाली. “त्याला नावं ऐकवायची आहेत. त्याला लाज वाटली पाहिजे, फुई.”

फुलीबाईने मोहाच्या फुलांनी चिकट झालेले हात पदराला पुसले. रागावलीही नाही, हसलीही नाही. आशाला वाटलं होतं, ती नको म्हणेल, किंवा शाबास तरी म्हणेल.

“मग वर जाताना त्याच्या पुढे चालू नको,” ती म्हणाली. “मागे राहा.”

आशाने विचारलं का, तर म्हणाली, वाट घसरडी आहे.

वाट घसरडी नव्हती. पाऊस होऊन कितीतरी महिने झाले होते. म्हातारी माणसं काहीही बोलतात, असं म्हणून आशा बाहेर आली. म्हातारा खाटेवर मान तिरकी करून बसला होता. पियानोची तार लावताना तो असाच बसत असेल.

“पाण्यासाठी आभार,” तो म्हणाला. “इथे तो फार स्पष्ट आहे. बांबू आहे तो. वाळका बांबू, पोकळ.”

४

माळावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर यायला आलं होतं. गुरं चरत नसल्यामुळे गवत छातीपर्यंत वाढून वाळलं होतं आणि पिवळं धमक दिसत होतं. एका अंगाला डोंगराचा कडा होता. दुसऱ्या अंगाला उतार खाली नाल्याकडे गेला होता. वारा नव्हता. म्हातारा पुढे, आशा मागे. मागे राहायचं तिने ठरवलं नव्हतं, पण म्हातारा उत्साहाने भराभर पावलं टाकत होता.

मधोमध आल्यावर त्याने टोपी काढली आणि चारी बाजूंना पाहत आपलं आडनाव मोठ्याने उच्चारलं. मग तिच्याकडे वळून म्हणाला, तुम्ही म्हणता तसं म्हणून दाखवा ना.

“हाकरेल,” आशा म्हणाली.

त्याचे डोळे भरून आले. तेव्हा तिने सांगितलं. हे नाव इथे का राहिलं, कोणत्या दिवसानंतर राहिलं, गवत कोणी पेटवलं, आत कोण होतं. अनेक दिवस मनात घोकलेलं असल्यामुळे ती अडखळली नाही. मग तिने एकेक नाव घेतलं. खात्या. त्याचा भाऊ धनसिंग. धुडकू. पाठीवर पोर बांधून गेलेली कमली, आणि ज्याचं अजून नाव ठेवलं नव्हतं ते पोर. पुढची सगळी.

म्हाताऱ्याने मान खाली घालून सगळं ऐकलं. तिला वाटलं, आता तो काही बोलेल. काय बोलेल याची तिने कितीदा कल्पना केली होती.

“किती सुंदर नावं आहेत,” तो म्हणाला. “फार वाईट झालं. फार जुनी गोष्ट आहे, पण वाईट झालं.” जरा थांबून, तिला बरं वाटावं म्हणून असेल, त्याने सांगितलं, की त्या वाघाचं कातडं अजून त्याच्या घरी जिन्यात टांगलेलं आहे, आणि लहानपणी रोज झोपायला जाताना तो त्यावरून हात फिरवायचा. अजून मऊ आहे, म्हणाला.

मग त्याने पिशवीतून कापडात गुंडाळलेली एक पितळी पाटी काढली. तळहाताएवढी, चकचकीत. तिच्यावर त्याचं आडनाव कोरलेलं होतं, दुसरं काही नाही. एखाद्या दगडावर ती बसवायला पाड्यातलं कोणी मदत करेल का, असं त्याने अगदी अदबीने विचारलं.

आशाने पाटीकडे पाहिलं. तिच्या कानशिलांत रक्त वाजत होतं. ते रक्तच वाजतंय, असं तिला सुरुवातीला वाटलं.

५

म्हाताऱ्याने पाटी परत पिशवीत ठेवली आणि वर पाहिलं.

“आता दोन्हीकडून येतोय,” तो म्हणाला. “तुम्हाला ऐकू येतंय ना?”

आशाला ऐकू येत होतं. मागच्या बाजूने, गवतातून, एक ‘टोक’ वाजलं. जरा थांबून डावीकडे दुसरं. उजवीकडे तिसरं. बांबूवर बांबू. घाईचा मागमूस नव्हता. एकाने दुसऱ्याला आपली जागा कळवावी तसा तो आवाज होता. ती पाड्यावर वाढली होती. रान उठवताना माणसं ओळीत कशी चालतात, हे तिला माहीत होतं.

“नाही, सर,” ती म्हणाली. “मला काही ऐकू येत नाही.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्यावर विश्वास ठेवला. हे तिने स्पष्ट पाहिलं. ज्या कानावर आयुष्यभर पोट भरलं त्या कानावरचा त्याचा भरवसा तिच्या शब्दांनी गेला. ऊन लागलं असेल मला, तो म्हणाला, सावलीला जाऊ या. आणि तो चालायला लागला. आधी सावकाश, टोपी नीट करत, एखाद्या घरातून निरोप घेऊन निघावं तसा. सावली पाड्याकडे होती. तो उताराकडे निघाला होता.

सर, तिकडे नाही, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. सर एवढाच शब्द निघाला, आणि तोही पुटपुटल्यासारखा. त्याने वळून पाहिलं नाही. त्याची चाल वाढली होती. डाव्या अंगाला टोक वाजलं की तो उजवीकडे झुकायचा, उजवीकडे वाजलं की डावीकडे. हात पुढे धरून तो गवत दुभागत होता. पिशवी केव्हाच पडली होती.

आशा त्याच्या मागे चालली होती. त्याला गाठण्यासाठी चालतेय, असं तिला वाटत होतं. पण अंतर कमी होत नव्हतं आणि वाढतही नव्हतं. मग तिला कळलं, की एक आवाज फार जवळून येतोय. तिने खाली पाहिलं. तिच्या दोन्ही हातांत वाळक्या बांबूचे दोन तुकडे होते. ते तिने कधी उचलले, तिला आठवेना. तिचे हात ते एकमेकांवर मारत होते, आपल्या पाळीला, बरोबर वेळेवर.

तिने मान वळवली नाही. वळवली असती तर डावीकडे कोण चाललंय ते दिसलं असतं. पण डोळ्याच्या कडेला जेवढं आलं तेवढं आलंच. गवत दुभागून पुढे आलेले दोन हात, काठ्या धरलेले. कोपरापर्यंत काळे. त्या काळ्यावर उन्हाची चमक नव्हती. त्यांच्या पलीकडे आणखी दोन. पाठीशी कुठेतरी एक पोर कुरकुरलं आणि थांबलं.

उताराच्या तोंडाशी राल्फ हॅकरेल एकदाच थांबून वळला. त्याचा चेहरा तिला पुढे बरेच दिवस आठवला. त्यात भीती होती असं म्हणता येणार नाही. तो भराभर इकडून तिकडे पाहत होता, कुठली बाजू मोकळी आहे तेवढंच. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्यावरून नजर पुढे नेली. तीही बंद बाजूंपैकी एक होती.

मग तो खाली उतरला. त्या वयाचा माणूस तसा उतरू शकत नाही.

आशा उताराच्या तोंडाशी उभी राहिली. आवाज खाली गेला, नाल्याच्या वळणापलीकडे गेला, आणि ऐकू येईनासा झाला. तिच्या छातीत एक गार, भरलेलं समाधान होतं. आपल्याला अजून लाज वाटत नाहीये, हे तिच्या लक्षात आलं, आणि ती बांबूचे तुकडे टाकून देऊन पाड्याकडे पळाली.

६

पोलीस आले, पाड्यातले लोकही शोधायला निघाले. शेळ्या राखणाऱ्यांना तो सापडला, दुसऱ्या खोऱ्यात, कोरड्या नाल्यात, एका खडकाला पाठ लावून बसलेला. इतक्या लांब तो उन्हात कसा गेला, याचं फौजदारालाही नवल वाटलं. बुटांचे तळ फाटून निघाले होते. डॉक्टरांनी उष्माघात सांगितला, आणि उष्माघातच होता. आशाने जबाब दिला, की त्यांना कसलासा आवाज येत होता, मला आला नाही, आणि मी थांबवायच्या आत ते निघून गेले.

जबाब देऊन आशा भाईदासच्या गाडीतून परतत होती. खापर जवळ आल्यावर त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं.

“मॅडम, तुम्ही एकल्याच उतरनात. मंग बाकीना लोक कथा ग्यात?”

“कुठले लोक?”

“तुमनासंगे व्हतात ना, डोंगरवर. लाईनमा. मी खालथून दख्यं.” त्याने गियर बदलला. “पोलिसले मी काहीच सांगं नही.”

गवताची सावली असेल, आशा म्हणाली. दुपारच्या उन्हात लांबून काहीही दिसतं. भाईदासने मान डोलावली, आणि त्या दिवसाचं भाडं घेतलं नाही.

म्हाताऱ्याला एक भाची होती, बहिणीची मुलगी, तिचं आडनाव वेगळं. तिने फोनवर रडून घेतलं आणि विचारलं, की त्याला तिथेच पुरता येईल का. त्याला त्या डोंगराचं फार अप्रूप होतं. नंदुरबारच्या ख्रिस्ती दफनभूमीत जागा मिळाली. दगडावर पूर्ण नाव घालावं, एवढीच भाचीची विनंती होती. पाथरवटाने आशाला विचारलं, ताई, काय कोरू? आशाने क्षणभर विचार केला, आणि सांगितलं, राल्फ. एवढंच? एवढंच, ती म्हणाली.

पोलिसांनी परत दिलेल्या पिशवीत ती पितळी पाटी होती. तीही तिने मोडीत घातली. तांबटाने अक्षरांवरून बोट फिरवून विचारलं, हे काय लिहिलंय, तेव्हा ती म्हणाली, काही नाही. भाचीने मामाच्या आडनावाची ती पानं इंटरनेटवरून काढून टाकली, तिला ती बघवत नव्हती. आशाने हे ऐकलं आणि तिला बरं वाटलं. त्या हाकाऱ्यांसारखं आता त्या घराण्याचंही सगळं कामी आलं. त्या महिन्यात तिला गाढ झोप लागली.

७

पावसाळाभर ती पाड्यावर गेली नाही. दिवाळीच्या सुट्टीत गेली. कुत्री भुंकत धावून आली. पोरांनी पिशवी ओढली. फुलीबाई ज्वारी पाखडत होती, तिने सूप बाजूला ठेवून आशाचं तोंड कुरवाळलं. सगळं नेहमीसारखं होतं. नेहमीपेक्षा हलकं होतं, असंही म्हणता येईल. जड काहीतरी उतरवून ठेवल्यासारखी माणसं हसत होती.

संध्याकाळी वरच्या माळावरून गुरं उतरताना दिसली. शेजारची वत्सलाबाई त्यांच्यामागे होती. आशाने विचारलं, “हाकरेलमाळावर कधीपासून नेता तुम्ही गुरं?”

“कुठल्या माळावर?” वत्सलाबाई म्हणाली.

“हाकरेलमाळ. वरचा.”

वत्सलाबाईने हसून फुलीबाईकडे पाहिलं. वरचा माळ, बाई. त्याला कसलं नाव? फुलीबाईही हसली. आशाला वाटलं, पोलिसांच्या धाकाने तसं बोलायचं ठरलं असेल. पण पोलीस नव्हते, आणि फुईचा चेहरा कोराच होता. तिने दुसऱ्या वाटेने विचारलं, फुई, जनावर पळवून पळवून पाडलं तर काय म्हणतात? दमवलं म्हणतात, फुई म्हणाली. आणखी काय म्हणणार?

तो गोरा म्हातारा आठवतो का, तिने विचारलं. हो, उन्हाने गेला बिचारा, फुई हळहळली. ही हळहळ अगदी खरी होती. आशाने मग होळीला घेतात ती नावं विचारली. ती फुईला येत होती. खात्या, धनसिंग, धुडकू, सगळी. ती माणसं कशाने गेली? गवताला आग लागली होती ना कधीतरी. कोणी लावली? फुलीबाईने खांदे उडवले आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

आशा ओट्यावर बसून राहिली. दगडावर ते आडनाव नव्हतं, पितळेवर नव्हतं, पानांवर नव्हतं, आणि आता या डोंगरातल्या माणसांच्या तोंडीही राहिलं नव्हतं. ते तिच्याकडे होतं. तिने ते विसरायचा प्रयत्न केला, तसं ते जिभेवर जास्तच आलं. माणसं विसरतात, तिने स्वतःला समजावलं. म्हातारी झाली फुई. वत्सलाबाई तर माहेरची दुसऱ्या गावची. याला अर्थ चिकटवायची गरज नाही.

ठरवलं होतं त्याहून लवकर, दुसऱ्याच दिवशी ती निघाली. कॉलेजात काम आहे, म्हणाली. पिशवी घेऊन अंगणात आली तर सगळे जमले होते. तिला निरोप द्यायला आजवर कधी कोणी असं आलं नव्हतं. वत्सलाबाई होती, तिची मुलं होती, पलीकडच्या पाड्यातले म्हातारे होते. कोणी पपई दिली, कोणी भाकरीची चवड. फुलीबाईने तिच्या केसांवरून हात फिरवला. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर माया होती, आणि आशाला खात्री होती, की ती खरी आहे.

तिने आभार मानले आणि इकडेतिकडे पाहिलं. काही डावीकडे उभे होते, घरांच्या ओळीने. काही उजवीकडे, कुंपणाशी. फुई आणि म्हातारे मागे, घराच्या दाराशी. एकमेकांत सारखं अंतर सोडून ते उभे होते. ऊन टाळायला असेल, ती मनाशी म्हणाली. खालची वाट तेवढी मोकळी होती.

 कोणी हललं नाही.

आशाने पिशवी खांद्यावर घेतली आणि ती चालू लागली. आधी सावकाश.